आरोपी नायकाचे श्रवण: सहाव्या डॉक्टरचा चाहत्यांनी लावलेला अन्वयार्थ

१

पात्र संहितेत बंदिस्त असते की संहितेच्या ग्रहणातून घडत जाते, हा प्रश्न वाचकलक्ष्यी समीक्षेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऐरणीवर आणला. याऊसचे 'अपेक्षांचे क्षितिज', ईझरच्या 'रिक्त जागा' आणि स्टॅन्ली फिशचा 'अन्वयार्थ लावणारा समुदाय' या संकल्पना आता समीक्षेच्या नित्य व्यवहारात रुळल्या आहेत. मात्र त्यांची चर्चा बहुधा मुद्रित, एककर्तृक आणि पूर्ण झालेल्या कृतींच्या आधारे होत आली. ज्या कृतीला एक कर्ता नाही, जिचे प्रमुख पात्र नटागणिक बदलते, आणि जिचे ग्राहकच कालांतराने तिचे निर्माते होतात, अशा कृतीसमोर या संकल्पना कितपत टिकतात, हे तपासणे उद्बोधक ठरते. ब्रिटिश विज्ञानकाल्पनिका 'डॉक्टर हू' ही अशी कृती आहे. आणि तिच्यातील 'सहावा डॉक्टर' हे पात्र या तपासणीसाठी विशेष सोयीचे आहे. दूरचित्रवाणीवर अप्रिय ठरलेले हे पात्र पुढे श्राव्यनाट्यांतून रसिकप्रिय झाले. हे परिवर्तन कोणी घडवले, कोणत्या माध्यमगुणांनी घडवले आणि त्याची नैतिक किंमत काय, असे तीन प्रश्न येथे उपस्थित होतात.

या मालिकेचे प्रक्षेपण बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केले. काळातून व अवकाशातून प्रवास करणारा, परग्रहावरून आलेला, 'डॉक्टर' एवढ्याच नावाने ओळखला जाणारा नायक हे तिचे केंद्र. १९६६ मध्ये विल्यम हार्टनेल हा पहिला नट मालिकेतून बाहेर पडला, तेव्हा नायकाचे शरीर व स्वभाव बदलतात पण व्यक्ती तीच राहते, असा संकेत निर्मात्यांनी योजला. या कायापालटाच्या संकेतामुळे 'पात्र' या संकल्पनेतच एक फट निर्माण झाली. प्रत्येक नवा नट आधीच्या नटाचे भाष्य ठरतो, आणि 'खरा डॉक्टर कोणता' हा प्रश्न रसिकाला सतत सोडवावा लागतो. अन्वयार्थ ही येथे ग्रहणानंतरची क्रिया नाही. ती ग्रहणाची पूर्वअट आहे.

२

सहाव्या डॉक्टरची भूमिका कॉलिन बेकर यांनी १९८४ ते १९८६ या काळात केली. त्यांचे पहिले पूर्ण कथानक 'द ट्विन डायलेमा' मार्च १९८४ मध्ये प्रक्षेपित झाले. कायापालटाच्या धक्क्यातून न सावरलेला हा डॉक्टर आपली तरुण सहप्रवासी पेरी हिचा गळा आवळतो. पुढच्या वर्षीच्या कथानकांतही हिंसेची छटा गडद राहिली. 'व्हेन्जन्स ऑन व्हॅरोस' (१९८५) मध्ये आम्लाच्या हौदात पडून मेलेल्या माणसांवर तो कोटी करतो; 'द टू डॉक्टर्स' (१९८५) मध्ये तो प्रतिपक्ष्याला विष देऊन मारतो. यात वेशभूषेची भर पडली. निर्माते जॉन नेथन-टर्नर यांना मुद्दाम अभिरुचिहीन पोशाख हवा होता, आणि त्यातून नाना रंगांच्या विसंगत तुकड्यांचा तो प्रसिद्ध कोट निपजला. बेकर यांची स्वतःची पसंती काळ्या पोशाखाला होती. पात्राचे बाह्य कवच कांद्याच्या पापुद्र्यांसारखे हळूहळू दूर व्हावे आणि आतील करुणा दिसावी, अशी आपली योजना असल्याचे त्यांनी पुढे वारंवार सांगितले.

ही योजना पुरी झाली नाही. फेब्रुवारी १९८५ मध्ये बीबीसीने मालिका स्थगित केल्याचे जाहीर केले. अठरा महिन्यांच्या खंडानंतर १९८६ मध्ये 'द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड' हे चौदा भागांचे एकच दीर्घ कथानक प्रक्षेपित झाले, आणि त्यानंतर बीबीसीच्या वरिष्ठांनी बेकर यांना भूमिकेतून दूर केले. केवळ कायापालटासाठी एका कथानकापुरते परत येण्यास त्यांनी नकार दिला. १९८७ मध्ये सिल्व्हेस्टर मॅकॉय यांनीच केसांचा टोप घालून सहाव्या डॉक्टरचा अंत अभिनित केला. हे पात्र अशा रीतीने आरंभी दोषी ठरले, मध्ये खंडित झाले आणि अंती स्वतःच्या मृत्यूलाही मुकले.

'ट्रायल'ची रचना येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. डॉक्टरवर खटला चालू आहे आणि पुरावा म्हणून त्याचीच साहसे न्यायालयात पडद्यावर दाखवली जात आहेत. बंदीतील मालिकेने स्वतःवरील आरोपांचे केलेले ते रूपक आहे, हे उघडच आहे. परंतु त्यातील 'माइंडवॉर्प' या विभागात डॉक्टर पेरीशी क्रूरपणे वागताना दिसतो, आणि तो पुरावा बनावट आहे असा त्याचा दावा असतो. कोणता प्रसंग खरा, कोणता बनावट आणि कोणता डॉक्टरचा डावपेच, याचा निवाडा संहिता शेवटपर्यंत करत नाही. पटकथालेखक रॉबर्ट होम्स यांचे १९८६ मध्ये, अखेरचे भाग पूर्ण होण्याआधीच झालेले निधन आणि निर्मितीतील बेबनाव यांमुळे ही संदिग्धता वाढली. ईझरच्या परिभाषेत ही रिक्त जागा आहे. पण ती कलात्मक योजनेतून आलेली नसून अपघातातून उद्भवली आहे. रसिकाच्या दृष्टीने हा भेद गौण ठरतो. आरोपी समोर आहे, पुरावा संशयास्पद आहे आणि निकाल दिलेला नाही, अशा स्थितीत श्रोता-प्रेक्षक वकील होतो.

३

हे वकीलपत्र घेणारा समुदाय आधीपासून संघटित होता. 'डॉक्टर हू ॲप्रिसिएशन सोसायटी' १९७६ मध्ये स्थापन झाली होती. चाहत्यांच्या अनियतकालिकांतून कथानकांची चिकित्सा, कालक्रमाच्या विसंगतींचा निरास आणि पात्रांचे मूल्यमापन नित्य चालत असे. या समुदायाचे निवाडे स्थिर नसत. १९७६ चे 'द डेडली असॅसिन' हे कथानक त्या वेळी अनेक संघटित चाहत्यांना परंपरेचा द्रोह वाटले. पुढे तेच मालिकेच्या उत्कृष्ट कथानकांत गणले गेले. याऊसने वर्णिलेली क्षितिजाची हालचाल येथे एका दशकाच्या आत घडली.

या समुदायाची आणखी एक विशेषता सहसा दुर्लक्षित राहते. तो मुळात श्रोत्यांचा समुदाय आहे. साठच्या दशकातील अनेक भागांच्या चित्रफिती बीबीसीने पुसल्या वा नष्ट केल्या. मात्र काही प्रेक्षकांनी घरोघरी ध्वनिमुद्रण यंत्रे लावून ठेवली होती. त्यामुळे एकाही हरवलेल्या भागाचा ध्वनी नामशेष झालेला नाही. चाहत्यांच्या एका पिढीने हार्टनेल आणि ट्रॉटन यांना पाहण्याऐवजी ऐकले, आणि दृश्य आपल्या कल्पनेने पुरवले. ऐंशीच्या दशकात 'ऑडिओ व्हिज्युअल्स' या नावाने काही तरुण चाहत्यांनी परवान्याविना ध्वनिफितींवर नवी कथानके रचली. निकोलस ब्रिग्ज त्यांत डॉक्टरची भूमिका करत. गॅरी रसेल हेही त्या उपक्रमात होते. त्याच काळात, मालिका स्थगित असताना १९८५ च्या उन्हाळ्यात, बीबीसी रेडिओ ४ वरून 'स्लिपबॅक' ही सहा भागांची श्रुतिका बेकर यांच्या आवाजात प्रसारित झाली. श्रुतिका म्हणून ती असामान्य नव्हती, तरी कोटाविना डॉक्टर संभवतो एवढे तिने सिद्ध केले.

१९८९ मध्ये मालिका बंद पडली. नव्वदच्या दशकात चाहतेच कादंबरीकार झाले, आणि १९९९ मध्ये 'बिग फिनिश' या संस्थेला बीबीसीकडून श्राव्यनाट्यांचा परवाना मिळाला. रसेल तिचे निर्माते होते. जुलै १९९९ मधील पहिले नाट्य 'द सायरन्स ऑफ टाइम' ब्रिग्ज यांनी लिहिले व दिग्दर्शित केले. डेव्हिसन, बेकर व मॅकॉय हे तिन्ही डॉक्टर त्यात एकत्र आले. मिशेल द सर्तोच्या विचाराच्या आधारे हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये चाहत्यांना दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करणाऱ्यांची उपमा दिली होती. १९९९ नंतरची परिस्थिती या उपमेत मावत नाही. चोरून शिकार करणाऱ्यालाच रानाची राखण सोपवली गेली.

४

श्राव्यनाट्यात सहाव्या डॉक्टरचे काय झाले, हे समजण्यासाठी भरताची चतुर्विध अभिनयाची मांडणी उपयोगी पडते. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक यांपैकी श्राव्य माध्यमात आहार्य लोपतो, आंगिक पार्श्वध्वनीपुरता उरतो. वाचिक सर्व भार उचलतो आणि सात्त्विकही आवाजातूनच प्रकट व्हावा लागतो. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या विघ्नांची चर्चा केली आहे. रंगीत कोट हे सहाव्या डॉक्टरच्या बाबतीत असेच विघ्न होते, असे म्हणता येईल. पात्र गंभीर बोले, पण पोशाख त्याचा उपहास करी. श्राव्य माध्यमाने हे विघ्न आपोआप दूर केले. २००२ मध्ये 'रिअल टाइम' या कथेला चित्रांची जोड दिली गेली, तेव्हा त्या चित्रांत डॉक्टरचा कोट निळा झाला. दृश्य परत येताच वेशभूषेचाही पुनर्विचार झाला, ही बाब सूचक आहे.

दुसरा बदल अधिक सूक्ष्म आहे. दूरचित्रवाणीवर या डॉक्टरचे पल्लेदार, शब्दबंबाळ बोलणे अहंकाराचे चिन्ह मानले गेले. श्राव्यनाट्यात मात्र जो बोलत नाही तो अस्तित्वातच नसतो. तेथे वाचाळता हा पात्राचा दोष न राहता माध्यमाची गरज होते. बेकर यांचा रंगभूमीवर कसलेला आवाज या गरजेला पुरून उरला. फिलिप पॅस्को यांच्या '...इश' (२००२) या नाट्यात कोशकारांच्या परिषदेची पार्श्वभूमी आहे, आणि भाषाच तेथे संकट म्हणून उभी राहते. नायकाची शब्दासक्ती या कथेत आशय बनते. त्याच लकबीला, त्याच नटाला, केवळ माध्यमांतराने वेगळा अर्थ प्राप्त झाला. संकेत तोच, संकेतव्यूह निराळा.

तिसरा बदल संबंधांचा. जॅकलिन रेनर यांच्या 'द मॅरियन कॉन्स्पिरसी' (मार्च २०००) मध्ये एव्हलिन स्माइथ ही सहप्रवासी अवतरली. ती पंचावन्न वर्षांची, इतिहासाची प्राध्यापिका. भूमिका मॅगी स्टेबल्स यांची. इतिहासात झालेल्या बिघाडाने तिचे पूर्वजच पुसले जात आहेत, आणि तो बिघाड शोधण्यासाठी ती डॉक्टरबरोबर सोळाव्या शतकातील राणी मेरीच्या इंग्लंडमध्ये जाते. तरुण, भेदरलेली, नायकाच्या संतापाचे लक्ष्य होणारी सहप्रवासी हा दूरचित्रवाणीचा साचा येथे मोडला. एव्हलिन डॉक्टरला अडवते, टोकते, त्याच्याशी युक्तिवाद करते. तिच्यापुढे त्याचा तोरा दमनकारी राहत नाही, कारण तिच्यावर त्याचा वचक नाही. चाहत्यांच्या अनेक चर्चांतून मांडला गेलेला 'उर्मटपणाच्या आड करुणा' हा अन्वयार्थ तिच्या उपस्थितीत कृतीला उतरला. अन्वयार्थाची ही वेगळीच जात आहे: टीकालेखाऐवजी तो नव्या पात्राच्या रूपाने मांडला गेला.

५

येथे एक गंभीर आक्षेप उद्भवतो. पुनर्वाचन म्हणजे दोषमुक्ती नव्हे काय? पेरीचा गळा आवळणारा डॉक्टर आणि एव्हलिनकडून प्रेमळ बोल ऐकून घेणारा डॉक्टर एकच आहेत, असे म्हणताना पहिल्याचा अपराध दुसऱ्याच्या माधुर्यात विरघळवला जात नाही काय? सहृदयतेला सत्यापासून पळण्याची सवलत मिळू नये, असा हा आक्षेप आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. आवडत्या पात्राची वकिली करणारा चाहता पीडितेची साक्ष खोडत असेल, तर त्याचा अन्वयार्थ कितीही चतुर असला तरी अपुरा ठरतो.

या आक्षेपाचे सर्वांत सखोल उत्तर श्राव्यनाट्यांच्या अंतर्गत रचनेतच सापडते. रेनर यांच्या 'डॉक्टर हू अँड द पायरट्स' (२००३) मध्ये एव्हलिन एका विद्यार्थिनीला समुद्री चाच्यांची कथा सांगते. विद्यार्थिनी अपराधभावनेने ग्रासलेली, आत्महत्येच्या उंबरठ्यावर आहे. कथा आरंभी विनोदी आहे. एका भागात तर गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिकांच्या धर्तीवर पात्रे गाऊ लागतात. हळूहळू लक्षात येते की हा विनोद, ही गाणी म्हणजे निवेदिकेची टाळाटाळ आहे. जहाजावरच्या एका पोरसवदा मुलाचा क्रूर मृत्यू तिला सांगवत नाही. अखेरीस तो सांगितला जातो, आणि तो सांगितला गेल्यामुळेच कथा श्रोत्रीपर्यंत पोहोचते. निवेदनाचा हा व्यूह पुनर्वाचनाच्या नीतीचे प्रमेय म्हणून वाचता येतो. दुःखद प्रसंग वगळून सांगितलेली कथा सांत्वन देत नाही; तो सामावून घेणारी कथाच देऊ शकते.

याच निकषावर समग्र श्राव्यमालिकेकडे पाहिले तर तिची उजवी आणि डावी बाजू वेगळी करता येते. 'प्रोजेक्ट: लॅझरस' (२००३) मध्ये कॅसी या तरुणीच्या मृत्यूनंतर डॉक्टरची वरकरणी अलिप्तता एव्हलिनला असह्य होते. मृदू झालेला डॉक्टर येथे पुन्हा कठोर वाटतो, आणि श्रोत्याला जुन्या आरोपाची आठवण होते. नेव्ह फाउंटन यांच्या 'द विडोज असॅसिन' (२०१४) मध्ये डॉक्टर मागे सोडून दिलेल्या पेरीकडे परत जातो. तिचे मौन संपून तिच्या बाजूला शब्द मिळतात. अशा नाट्यांत अपराध स्मृतीत राहतो. उलट जेथे जुन्या प्रसंगांचा उल्लेखही नाही, आणि सहावा डॉक्टर केवळ गोड स्वभावाचा बडबड्या वृद्ध म्हणून येतो, तेथे पुनर्वाचन नव्हे तर विस्मरण घडते.

श्रोत्यांच्या समुदायाने स्वतः हा भेद पाळला, याची एक नोंद उपलब्ध आहे. 'डॉक्टर हू मॅगझिन'ने २००९ मध्ये तोवरच्या दोनशे कथानकांवर वाचकांचा कौल घेतला, तेव्हा 'द ट्विन डायलेमा' शेवटच्या, दोनशेव्या क्रमांकावर आले. म्हणजे एव्हलिनबरोबरचा डॉक्टर लोकप्रिय होऊन जवळपास दशक लोटले तरी मूळ कथानकावरील निवाडा बदललेला नव्हता. चाहत्यांनी नायकाला स्वीकारले. त्याच्या पहिल्या कृत्याला क्षमा केली नाही. पात्र आणि कथानक यांचे मूल्यमापन स्वतंत्रपणे होऊ शकते, ही सैद्धांतिक दृष्ट्या महत्त्वाची गोष्ट त्यातून दिसते.

६

प्रेमाचा दुसरा धोका रॉबर्ट शिअरमन यांच्या 'ज्युबिली' (२००३) मध्ये रेखाटला आहे. डॉक्टर आणि एव्हलिन अशा एका इंग्लंडमध्ये येतात, जेथे शंभर वर्षांपूर्वी, १९०३ मध्ये, डॉक्टरने डॅलेकांवर मिळवलेल्या विजयाचा शतकोत्सव चालू आहे. ते इंग्लंड आता साम्राज्यवादी, क्रूर राज्य आहे. डॉक्टर त्याचे आराध्यदैवत आहे. आणि टॉवर ऑफ लंडनमध्ये त्याच डॉक्टरचे एक दुसरे रूप, पंगू व भ्रमिष्ट अवस्थेत, कैदेत पडले आहे. भक्तांनी नायकाची मूर्ती उत्सवात मिरवायची आणि जिवंत नायकाला कोठडीत ठेवायचे, हे चित्र चाहत्यांच्या संस्कृतीवरील भाष्य आहे. ते भाष्य एका चाहत्यानेच, चाहत्यांसाठी, चाहत्यांच्या संस्थेतर्फे केले, यात त्याचे वजन आहे. या नाट्यातील एकाकी डॅलेकाची कल्पना शिअरमन यांनीच पुढे नव्या दूरचित्रवाणी मालिकेतील 'डॅलेक' (२००५) या भागात वापरली. परिघावरचा अन्वयार्थ केंद्रात शिरण्याचा तो ठळक क्षण होता.

केंद्रात शिरलेला अन्वयार्थ मात्र परिघावरचा राहत नाही. परवाना, विक्री आणि अधिकृत शिक्का लाभल्यावर 'उर्मटपणाच्या आड करुणा' हे वाचन अनेकांपैकी एक न राहता प्रमाण होते, आणि त्याला विरोध करणारा चाहता, उदाहरणार्थ हिंसेतच या पात्राचे वेगळेपण पाहणारा, नव्याने परिघावर ढकलला जातो. फिशच्या समुदायाला सत्तेचे परिमाण नाही, ही जुनी टीका येथे पुन्हा समर्पक ठरते. अन्वयार्थ लावणारा समुदाय म्हणजेच ग्राहकवर्ग असेल, तर त्याला रुचेल तेच वाचन टिकण्याचा संभव वाढतो.

तरीही २०१५ मधील 'द सिक्स्थ डॉक्टर: द लास्ट ॲडव्हेंचर' ही चार नाट्यांची मालिका ऐकताना या साऱ्या व्यवहाराचे एक निर्विवाद फलित हाती येते. डॉक्टरच्याच काळ्या प्रवृत्तींतून निर्माण झालेला, 'ट्रायल'मधील अभियोक्ता व्हॅलियार्ड येथे मायकेल जेस्टन यांच्या आवाजात परत येतो. डॉक्टर आत्मबलिदान करतो. आणि बेकर यांच्या आवाजाची जागा मॅकॉय यांचा आवाज घेतो. १९८७ मध्ये टोप घातलेल्या दुसऱ्या नटाकरवी उरकलेला अंत अठ्ठावीस वर्षांनी मूळ नटाला परत मिळाला. महत्त्वाचे असे की हा अंत खटल्याच्या संदर्भातच घडतो. सहाव्या डॉक्टरला निर्दोष ठरवून त्याला निरोप दिलेला नाही. स्वतःच्याच अंधाऱ्या रूपाशी झुंजताना तो संपतो.

वाचकलक्ष्यी समीक्षेसाठी या इतिहासाचा निष्कर्ष दुहेरी आहे. रिक्त जागा केवळ संहितेत नसतात. त्या निर्मितीच्या अपघातांतून, संस्थांच्या निर्णयांतून, माध्यमांच्या मर्यादांतूनही उद्भवतात, आणि त्या भरणारा वाचक योग्य साधने हाती आल्यास स्वतः संहिताकार होतो. दुसरे म्हणजे, त्या जागा भरण्याला नीती असते. प्रिय पात्राच्या बाजूने बोलणाऱ्या अन्वयार्थाची परीक्षा त्याने पात्राला किती उजळले यावर करता येत नाही. पेरीसाठी त्या वाचनात जागा उरली की नाही, हे तपासावे लागते. सहाव्या डॉक्टरच्या श्राव्य पुनर्वाचनातील ज्या कृती टिकतील, त्या याच परीक्षेत उतरलेल्या असतील.